रंगीत चित्रं भिंतीवर चढण्याआधी

पुण्यात बालगंधर्वचं कलादालन असो की घोले रोडवरचं, प्रदर्शनाची तारीख मिळाली की आधी टेप घेऊन भिंती मोजून या. ४० फुटांच्या सलग भिंतीवर तीन-तीन फुटांची दहा चित्रं फूटभर अंतराने बसतात; रंग उजळ असतील तर आठच लावा. डोळ्याला मध्ये पांढरी भिंत लागतेच.

तैलचित्रावर अखेरचं व्हार्निश सहा महिन्यांआधी नको. आतला रंग वाळलेला नसतो, पुढे तडे जातात. ॲक्रिलिकची भीती वेगळी. मे महिन्यात टेंपोत ते मऊ पडतं आणि बबलरॅपचे गोल ठसे कायमचे उमटतात. आधी बटरपेपर, मग बबलरॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो. चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरी असतील तर हलकेच ठोकून ताण द्या. अमूर्त चित्राच्या पाठीवर वरची बाजू दाखवणारा बाण हवाच, टांगणारा माणूस दुसराच असतो.

जागेवर पोचल्यावर लगेच टांगू नका. सगळी चित्रं भिंतीला टेकवून ठेवा आणि लांबून बघा. लालभडक अमूर्ताशेजारी पावसाळी सह्याद्री आला की दोघं एकमेकांना चिथावतात, आणि निसर्गचित्रातलं धुकं हरवतं. मध्ये करड्या-मातकट रंगाचं एखादं चित्र घाला. मोबाईलवर फोटो काढून काळा-पांढरा केला, की कुठली बाजू जड झाली ते लगेच कळतं.

चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर धरा. चित्र ३६ इंच उंच आणि पाठीमागची ताणलेली तार वरच्या कडेपासून ४ इंच खाली असेल, तर हूक ५८ अधिक १८ वजा ४, म्हणजे ७२ इंचांवर. टेप प्रत्येक वेळी जमिनीपासूनच लावा, शेजारच्या चित्रावरून नाही. अर्ध्या इंचाची चूक दहाव्या चित्रापर्यंत वाढत जाते.

दिव्यांवर मात्र तडजोड नको. पिवळ्या दिव्याखाली निळा करडा पडतो, हिरवा मातकट. ४००० केल्विनचे (ना पिवळे, ना निळसर), सीआरआय म्हणजे रंग खरे दाखवण्याचा शंभरपैकी आकडा ९० च्या वर असलेले स्पॉट मागा. दालनात नसतील तर भाड्याने आणा. झोत उभ्या रेषेपासून ३० अंशांवर ठेवा, म्हणजे व्हार्निश चमकत नाही.

चित्राशेजारच्या चिठ्ठीवर शीर्षक, माध्यम, आकार (उंची आधी), वर्ष, किंमत. उद्घाटनाची समई कॅनव्हासपासून दूर आणि पंख्याच्या वाऱ्याबाहेर. पेटीत स्पिरिट लेव्हल, जादा हूक, सुती हातमोजे, विकल्याच्या लाल टिकल्या आणि फ्रेमच्या रंगाची एक छोटी बाटली. टेंपोतून उतरवताना एखादा कोपरा खरचटतोच.