खान्देशातून सांस्कृतिक मुत्सद्देगिरीत कसं शिरायचं, जर्मनीच्या वाटेनं

राज्यशास्त्रात बीए झालं, पत्रकारितेचा डिप्लोमापण झाला, आता एमपीएससी नाहीतर पेपरात स्ट्रिंजर (पगार नाही, बातमीमागं पैसे), दुसरं काय, असं जळगाव-धुळ्याकडची पोरं विचारतात, तर आहे ना भो अजून एक लाईन. जर्मनीत हेच दोन विषय करून, पेपरात नाहीतर रेडिओत ट्रेनी म्हणून राबून पुढं गोएथे इन्स्टिट्यूटसारख्या, म्हणजे जर्मन भाषा आणि संस्कृती जगभर पोचवणाऱ्या संस्थेत गेलेले लोक आहेत. यालाच सांस्कृतिक मुत्सद्देगिरी म्हणतात.

गोएथे १९५१ ची, मुख्य ऑफिस म्युनिकला, आपल्याकडं नाव मॅक्स म्युलर भवन. बराच पैसा जर्मन परराष्ट्र खात्याचा, पण ते सरकारी खातं नाही, त्यामुळं इथं डिप्लोमॅटची पोस्ट शोधू नका. म्युनिकहून आलेले लोक काही वर्षांनी दुसऱ्या देशात बदलून जातात, आणि प्रोग्राम, लायब्ररी, प्रेस ही कामं इथलेच लोक सांभाळतात, आपला दरवाजा तो.

आधी भाषा. जर्मनच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या, माझ्या मते बी-२ च्या खाली थांबू नका. मॅक्स म्युलर भवन पुण्या-मुंबईत आहे, नंदुरबारला बसून ऑनलाईन बॅचपण करता येते. पुण्याला जायचंच असेल तर रानडे इन्स्टिट्यूट बघा, परदेशी भाषा आणि पत्रकारिता दोन्ही तिथंच.

पण खरं वजन लिखाणाचं, आणि इथं आपली पोरं मागं पडतात कारण त्यांना वाटतं आपल्याकडं दाखवण्यासारखं काय आहे! अरे आपल्या खान्देशची कानबाई देवी घ्या ना. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी विसर्जन, आणि त्या दोन दिवसांसाठी सुरतेहून माणसं गावी येतात. यावर सहाशे शब्द लिहा, पण जर्मनीतल्या लाइपझिगच्या अशा माणसासाठी ज्याला श्रावणपण माहीत नाही. रोटांचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू कोण दळतं, खर्च कोण करतं, भाऊबंदकीत बोलणं बंद असलेली घरं रोट खायला एकत्र बसतात का, हे विचारून लिहा, 'समृद्ध परंपरा' वगैरे सगळं खोडा. मग तेच जर्मनमध्ये दहा सोप्या वाक्यांत मांडा. असे सात-आठ तुकडे छापून आले की तुमची फाईल बोलायला लागते.

मग शिक्षण. एरफुर्टच्या विली ब्रांट स्कूलला पब्लिक पॉलिसीचं मास्टर्स इंग्रजीत आहे. हायडेलबर्गला साऊथ एशिया इन्स्टिट्यूट, जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर तिथलेच, त्यांनी खंडोबा आणि धनगरांवर आयुष्य घातलं, म्हणजे आपल्या देवाधर्मात रस घेणारी माणसं तिकडं आहेत हे लक्षात ठेवा. सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, पण हायडेलबर्ग ज्या राज्यात येतं तिथं आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. व्हिसासाठी २०२२ पासून एपीएस सर्टिफिकेट (आपली डिग्री-कागदपत्रं तपासल्याचं) लागतं, शिवाय ब्लॉक्ड अकाऊंटला, म्हणजे तिथल्या राहण्याच्या खर्चासाठी आधी पैसे भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो (२०२४ चा आकडा, भरण्याआधी बघून घ्या), म्हणून डाडची (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप देणारी जर्मन संस्था) स्कॉलरशिप आधी ट्राय करा.

थोडी नोकरी केली असेल तर हुम्बोल्ट फाउंडेशनची जर्मन चान्सलर फेलोशिप जास्त चांगली. त्यात भारतातल्यांना अर्ज करता येतो, जर्मनीत जाऊन करायचा प्रोजेक्ट तुमचा स्वतःचा. फक्त जर्मनीतला होस्ट, म्हणजे तिथं आपल्याला सोबत घेऊन मार्गदर्शन करणारा, आपणच शोधायचा असतो, म्हणून डेडलाईनच्या चार-पाच महिने आधीच मेल टाकायला लागा.