आवडता दिग्दर्शक गावाला कसा दाखवायचा

सिनेमाचं वेड असलेला माणूस एका दमात दहा नावं सांगतो, आणि ऐकणारा त्यातलं एकही बघत नाही. म्हणून यादी खिशात ठेवा. एक दिग्दर्शक, त्याचा एक सिनेमा, आणि तोही समाजमंदिरात सगळ्यांनी मिळून बघायचा.

पहिल्या रात्री दिग्दर्शकाचा सगळ्यात थोर सिनेमा नको, सगळ्यात सोपा लावा. उमेश कुलकर्णींची ‘विहीर’ कितीही आवडत असली तरी आधी ‘वळू’ (2008) दाखवा. मोकाट बैल, त्याला धरायला आलेला वनाधिकारी आणि त्यावरून पेटलेलं गावचं राजकारण पोळा साजरा करणाऱ्यांना समजावून सांगावं लागत नाही. तीच माणसं मग ‘विहीर’ची संथ गती सोसतात. उलट क्रमानं लावलं तर अर्ध्यावरच ‘कायले लावला बा हा?’ ऐकू येतं, आणि पुढच्या खेपेला सतरंज्या रिकाम्या राहतात.

दिग्दर्शकांची साखळीही जोडता येते. विट्टोरिओ डी सिकांचा ‘बायसिकल थीव्ज’ (1948) सत्यजित राय यांनी 1950 मध्ये लंडनला पाहिला आणि 1955 मध्ये त्यांचा ‘पथेर पांचाली’ आला. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’वरही (1953) त्याच इटालियन सिनेमाचा प्रभाव होता. गावात मात्र सुरुवात ‘दो बिघा’नं करा: हिंदी आहे, आणि कर्जापायी जमीन जायची वेळ आलेल्या शेतकऱ्याची गोष्ट आहे. मग डी सिका, मग राय. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009) तर आपल्याच मुलखातला, विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवरचा. पण गावात नुकतीच आत्महत्या झाली असेल तर तो थांबवा. त्या घरचं माणूस समोर बसलेलं असतं.

वेळ हंगाम पाहून ठरवा. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, पुढे जानेवारीपर्यंत कापूस वेचणी. तेव्हा माणूस आठलाच पेंगतो. फेब्रुवारीची सुरुवात उत्तम, पुढे परीक्षा आड येतात. बायका हव्या असतील (हव्यातच) तर स्वयंपाक-भांडी उरकून साडेआठ. दीड तासाचा सिनेमा असला तर दहापर्यंत आटोपतो आणि बोलायला अर्धा तास उरतो. ‘दो बिघा’ दोन तासांच्या वर आहे. त्यावरचं बोलणं दुसऱ्या दिवशी पारावर करा.

पडद्याला जाड पांढरा मांजरपाट घ्या, 8 फूट रुंद आणि साडेचार फूट उंच. वर-खाली नेफा शिवून बांबू घाला, नाहीतर वाऱ्यानं चेहरे हलतात. खालची कड जमिनीपासून 4 फूट वर ठेवा. यात चुकलं तर पुढच्यांची डोकी उपशीर्षकांच्या आड येतात. साधा प्रोजेक्टर या रुंदीला 12 ते 16 फूट अंतर मागतो. आवाज ब्लूटूथवर देऊ नका, ओठ आणि शब्द मागेपुढे होतात, केबलच लावा. टिनाच्या छपराखाली आवाज घुमतो, तिथे खर्ज कमी करा आणि स्पीकर कानाच्या उंचीवर ठेवा.

वीज जाणारच असं धरून चाला. दिव्याचा प्रोजेक्टर चालू असताना वीज गेली तर पंखा बंद पडतो आणि तापलेला दिवा खराब होऊ शकतो, म्हणून तो आधीपासून इन्व्हर्टरवर घ्या. प्रोजेक्टर, लॅपटॉप, स्पीकर मिळून 450 वॅट धरले तर 150 एएचची चांगली बॅटरी दोन तास निभावते. जुनी असेल तर आदल्या दिवशी तितकाच वेळ चालवून बघा.

परभाषेतल्या सिनेमाची मराठी उपशीर्षकं स्वतः लिहिलेली असतील तर फाइल जतन करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-8 निवडा, नाहीतर पडद्यावर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं दिसतात. एका वेळी दोनच ओळी ठेवा. वयस्कांना तेवढ्या वेगानं वाचवत नाही. खणखणीत आवाजाच्या कुणीतरी मोठ्यानं वाचावं, पण अभिनय करू नये.

सार्वजनिक खेळाला हक्कधारकाची परवानगी लागते, आणि ओटीटीचं घरगुती सदस्यत्व म्हणजे ती परवानगी नव्हे. निर्मात्याला लेखी विचारा.

सुरुवातीला दोन मिनिटांच्या वर बोलू नका आणि शेवट फोडू नका. दिग्दर्शक काय करतो ते सिनेमा संपल्यावर, एकच प्रसंग पुन्हा लावून दाखवा. ‘पथेर पांचाली’त दुर्गा तारेच्या खांबाला कान लावते, मग काशाच्या गवतापलीकडून आगगाडी येते. एवढाच तुकडा लावा, दुसऱ्यांदा चित्र झाकून नुसता आवाज ऐकवा. ‘कसा वाटला?’ विचारलं की ‘बरा होता’ यापलीकडे काही मिळत नाही. ‘कोणतं दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही?’ असं विचारा आणि आधी मागच्या रांगेला बोलू द्या. गुरुजी आणि सरपंच शेवटी.

ज्यानं तोंडावर ‘नाही आवडला’ म्हटलं, त्याला पुढच्या महिन्याचा सिनेमा निवडायला सांगा. अट एकच, त्यानं तो स्वतः शेवटपर्यंत पाहिलेला असावा.