गावाचा इतिहास लिहायचाय? मग राजाच्या अगोदर रजिस्टर उघडा

आपल्या बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी भागात लक्ष्मीची यात्रा ठरली किंवा शाळेचा शतकमहोत्सव आला की पोरं म्हणतात स्मरणिका काढूया, त्यात गावाचा इतिहास घालूया. फार चांगली गोष्ट आहे ही. पण लिहायला बसलं की गाडी कदंबांवरनं निघते, शिवाजी महाराजांवर येते, तिथनं थेट देणगीदारांच्या यादीवर जाते आणि गावात शेकडो वर्षं राबलेली माणसं कुठंच दिसत नाहीत. मला हे मनापासून वाईट वाटतंय, कारण त्या माणसांच्या नोंदी आहेत, फक्त कुठं बघायचं ते माहीत पाहिजे.

इंग्लंडमधली खेडी यात आपल्या खूप पुढं आहेत. तिथं पॅरिश म्हणून एक प्रकार असतोय, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव आणि त्याचं शिवार. 1538 ला आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची. पुढं 1601 च्या कायद्यानं गरिबांना पोसायची जबाबदारीही पॅरिशवरच आली, त्यामुळं कुठल्या म्हातारीला आठवड्याला किती पेन्स दिले, कुणाच्या पोराला बूट घेऊन दिले हे सगळं हिशोबात आलं. चर्चला पिकाचा दहावा हिस्सा द्यायची जुनी रीत होती, 1836 च्या कायद्यानं तो हिस्सा पैशात बदलला आणि त्यासाठी बऱ्याच पॅरिशांचे नकाशे झाले, तुकड्या-तुकड्याचा नंबर, मालक कोण, कसतंय कोण, पुष्कळदा त्या शेताला लोक काय म्हणतात तेसुद्धा. म्हणजे राजाचं नाव न घेता नुसत्या वह्यांवर गाव उभं राहतंय.

डर्बीशायरमधल्या ईम गावाचं बघा. 1665 ला तिथं प्लेग शिरला. पुढच्या वर्षी विल्यम मॉम्पेसन या पाद्र्याच्या सांगण्यावरनं गावानं स्वतःला कोंडून घेतलं, रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून. हद्दीवरच्या दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर घालून त्यात पैसे ठेवायचे आणि बाहेरची माणसं धान्य ठेवून जायची. कुठल्या घरातलं कोण कधी गेलं हे आज साडेतीनशे वर्षांनी सांगता येतंय ते त्या दफनाच्या वहीमुळं. आपल्याकडं 1896 ला मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या दोनतीन वर्षांत बेळगाव-धारवाडपर्यंत पोचला, माणसं गाव सोडून रानात खोपी घालून राहिली, ही गोष्ट अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात आहे, पण कुठल्या माळावर राहिली, कोण परत आलं नाही, हे कुणी लिहून ठेवलंय? म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, कारण हे सांगणारी माणसं आता फार थोडी राहिलीत.

आता आपली वही कुठली? माझ्या मते पहिली वही म्हणजे गावच्या मराठी प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर. पोराचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, शाळेत कधी आलं, कधी गेलं आणि का गेलं. हेडमास्तरांना रीतसर अर्ज द्या, रजिस्टर शाळेतच बसून बघा, घरी न्यायचं नाही. मुली कधीपासून दिसायला लागल्या, कुठल्या गल्लीतली पोरं कुठल्या साली पहिल्यांदा आली, सुगीत किती पोरं गळाली, हे वर्षावार काढलं की गाव कसं बदलत गेलं ते कुणी भाषण न करता कळतंय. जातीचा रकाना असतोय आणि जुन्या शब्दांत असतोय, तो व्यक्तीच्या नावासकट छापू नका, दुखावण्यासाठी इतिहास लिहायचा नाही.

दुसरी वही चालती-बोलती आहे, हेळवी. सुगी झाली की बैल घेऊन दारात येणारे हेळवी पिढ्यान्पिढ्या घराण्यांची वंशावळ ठेवतात, मूळ गाव कुठलं, तिथनं कोण उठून आला, त्याला पोरं किती, सगळं म्हणून दाखवतात. बऱ्याच घरांत आता त्यांना पसाभर धान्य देऊन वाटेला लावतात. तसं करू नका हो! बसवा, चहा द्या, मान द्या, त्यांच्या परवानगीनं मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि त्यांचं जे काही देणं असतंय ते हात आखडता न घेता द्या. त्यांनी सांगितलेलं मूळ गाव खरं की नाही हे मग त्या गावचं कुलदैवत, तिथली भावकी यावरनं ताडून बघता येतंय.

तिसरी वही म्हणजे जमीन. सर्व्हे नंबर, हिस्सा, आकारबंद (कुठल्या नंबराचं क्षेत्र किती, सारा किती ते), फेरफाराच्या जुन्या नोंदी. गावनकाशे महसूल खात्याच्या साईटवर पीडीएफमध्ये मिळतात, एक मोठा प्रिंट काढा आणि दोनतीन जुन्याजाणत्या शेतकऱ्यांना घेऊन शिवार फिरा. उताऱ्यावर नुसता नंबर असतोय पण माणसाच्या तोंडात नाव असतंय, गुरवाची पट्टी, सनदी, देवाचा माळ, अमक्याचं तळं. ते नाव तिथल्या तिथं नकाशावर लिहा, कारण कोण कशासाठी जमीन खात होतं, गावकीचं काम कुणाकडं होतं ते त्या नावात सापडतंय. कुलकर्णी वतनं 1950 च्या मुंबई कायद्यानं गेली पण काही वाड्यांत दप्तराची गाठोडी माळ्यावर अजून आहेत, बहुतेक मोडीत. वाळवी लागायच्या आधी फोटो काढा, कागद मागू नका, फोटो मागा, माणसं खुशीनं देतात. मोडी वाचणारे बेळगावात आणि कोल्हापुरात भेटतात, आणि शिकायलाही ती वाटते तितकी अवघड नाही.

भाषेचं एक नीट लक्षात घ्या. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेव्हाच जिल्ह्यातनं निघून कोल्हापूरकडं गेला, म्हणजे मुंबई राज्यातच राहिला. त्यामुळं खानापूर पश्चिम भागातल्या किंवा उचगाव-कुद्रेमानी बाजूच्या गावांची सोयरीक, बाजार, यात्रा अजून चंदगडशी बांधलेली आहे पण कागद दोन राज्यांत विभागलेत. शिवाय कागद कुठं मोडीत, कुठं मराठीत, कुठं कन्नडात. म्हणून टीममध्ये कन्नड चांगलं वाचणारा एकजण पाहिजेच. सीमाप्रश्नाचा राग-लोभ कुणालाही असू दे, पण देवळातला शिलालेख जुन्या कन्नडात असेल तर तो आपल्याच गावाचा आहे, तो सोडून गावाचा इतिहास होत नाही. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराचा 1204 चा, रट्ट राजांच्या काळातला लेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, हलशीला कदंबांचे 5व्या शतकातले ताम्रपट सापडले, आणि असे लेख वाचून छापायचं काम जवळजवळ दीडशे वर्षं चाललंय. तुमच्या गावचा लेख आधीच वाचला गेलाय का हे धारवाडच्या कन्नड संशोधन संस्थेत विचारा.

दगडाला ऑइलपेंट लावू नका, चुना नको, खडू घासणं पण नको. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड) असो नाहीतर लेख, सकाळी लवकर किंवा सांजच्याला तिरकं ऊन पडतंय तेव्हा फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात. वीरगळ किती, कुठं, कुठल्या दिशेला तोंड करून, हे लिहून ठेवा.

बोलायला जाताना आज्जी-आबांना "गावाचा इतिहास सांगा" म्हणू नका, ते म्हणतील आम्हाला काय माहीत बाळा. त्याऐवजी विचारा, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा पाणी कुठनं आणत होता, दळण कुठं, भाताचं कुठलं बियाणं होतं, पहिली एसटी कधी आली, यात्रेच्या आधी वार पाळणूक असायची तेव्हा काय काय बंद असायचं, गाऱ्हाणं कोण घालायचं. बायकांकडं वेगळं आणि त्यांच्याच बायकी बैठकीत विचारायला पाहिजे, पुरुष बसलेले असले की त्या गप्प बसतात. आणि सगळ्या गल्ल्यांत जायचं, वेशीबाहेरच्या वस्तीतसुद्धा. देवळाचा कारभार बघणाऱ्या देवस्की पंच कमिटीची वही महत्त्वाची आहेच, पण नुसती तीच वापरली तर इतिहास मानकऱ्यांचा होतो, गावाचा होत नाही.

लिहिताना प्रत्येक गोष्टीपुढं ती कुठनं आली ते टाका. रजिस्टरात आहे, कागदावर आहे, का गावात असं सांगतात. महाराज आपल्या गावात मुक्कामाला होते ही गोष्ट लोकांना प्रिय असते, ती काढू नका, "गावात असं सांगतात" म्हणून द्या. मांडणीसाठी इंग्लंडमधल्या व्हिक्टोरिया काऊंटी हिस्ट्रीची पद्धत बघा, 1899 पासून तिथं एकेक पॅरिश घेऊन लिहिणं चाललंय आणि अजून संपलेलं नाही. त्यांचा क्रम साधारण असा, जागा आणि हद्द, जमीन कुणाची, पोट कशावर, माणसांचं जगणं, देवधर्म, कारभार. आपल्याला जसाच्या तसा चालतोय, फक्त पाण्यासाठी वेगळा भाग करा, मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा यांच्या काठच्या गावांत निम्मा इतिहास पाण्याचाच आहे.

आणि सगळं होईपर्यंत थांबू नका. स्मरणिकेत सोळा पानं आली तरी छापा, प्रत्येक पानाला मोठा समास सोडा, प्रती घरोघर वाटताना सांगा की चूक दिसली तर समासात लिहा आणि आम्हाला फोटो पाठवा. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक बेळगावच्या एखाद्या वाचनालयात, आणि स्कॅन केलेलं सगळं साहित्य निदान तीन वेगवेगळ्या घरांतल्या हार्डडिस्कवर ठेवा.