वेचणी ओळखणारं मॉडेल शिकवताय? आधी वावरं वेगळी करा

व्हिडिओ पाहून कापसाची वेचणी ओळखणारं संगणकाचं मॉडेल शिकवायचं असेल, तर कपाशीच्या वावरात मोबाइलवर काढलेले व्हिडिओ तुकडे करून सरमिसळ करू नका. एकाच बाईच्या वेचणीचे काही तुकडे शिकवायला अन् काही तपासायला गेले, की अचूकता फुगते. दुसऱ्या गावच्या वावरात तेच मॉडेल आपटतं. म्हणून एका वावराचं, एका माणसाचं सगळं चित्रण एकाच बाजूला ठेवा. माणसांच्या कृती ओळखायला शिकवणाऱ्या २०१२ च्या यूसीएफ१०१ या व्हिडिओसंचात १३,३२० तुकडे आहेत, तिथेही एका गटाचे, म्हणजे एकाच मूळ व्हिडिओतले, तुकडे दोन्हीकडे वाटत नाहीत.

दुसरी गोम पांढऱ्या बोंडांची. फुटलेला कापूस दिसला की मॉडेल ‘वेचणी’ म्हणून मोकळं होतं, हात हलो न हलो. तेव्हा त्याच वावरात, त्याच उन्हात नुसतं चालणं, धुऱ्यावर बसून पाणी पिणं, झोळी रिकामी करणं हेही चित्रित करा. (बाया हसतील, हसू द्या, पण चित्रणाला आधी होकार घ्या.) मग प्रत्येक तुकड्यातली एकच फ्रेम गोठवून, तीच पुन्हापुन्हा मॉडेलला दाखवा. गुण तेवढेच आले तर हालचाल ते शिकलंच नाही, नुसती कपाशी ओळखतंय.