बेसमेंटची ओल हवेतली की भिंतीतली? ड्रायवॉल लावण्याआधी केलेली तपासणी

न्यू जर्सीतलं जुनं घर. बेसमेंटला ड्रायवॉल (भिंतीला आतून लावायचे जिप्समचे तक्ते) आणि फ्लोअरिंग करायचं होतं, पण कुबट वास जाईना आणि एका कोपऱ्यात भिंतीच्या तळाशी पांढरी भुकटी परत परत उमटे. (चिमटीत पीठ होऊन पाण्यात विरघळली तर ते क्षार, बुरशी नव्हे.) डीह्युमिडिफायरने (हवेतला दमटपणा काढणारं यंत्र) वास कमी झाला, भुकटी नाही. वॉटरप्रूफ रंगाला पहिल्याच मोठ्या पावसात फुगे आले. डोकं फिरलं.

उपयोगी पडलं ते असं. कोपऱ्यातला रंग खरवडून काँक्रीट उघडं केलं. जाड पारदर्शक प्लास्टिकचे दीड फुटी चौकोन भिंतीवर, त्या कोपऱ्यात आणि जमिनीवर चारही कडांनी डक्ट टेपने हवाबंद चिकटवले. ओल्या भिंतीला टेप धरत नाही, कडांवर आधी हेअर ड्रायर फिरवा. किमान 16 तास ठेवायचं. मी दोन दिवस ठेवलं. खोलीकडच्या बाजूला दव आलं तर दमटपणा हवेतला. प्लास्टिकच्या मागे थेंब किंवा काँक्रीट काळपट, तर ओल आतून. माझ्याकडे फक्त कोपऱ्यात मागून थेंब.

बाहेर बघितलं तर पन्हळीचा पाइप नेमका तिथेच पाणी ओतत होता, आणि मातीचा उतार घराकडे. पाइप 6 फूट पुढे नेला, माती भरून 10 फुटांत 6 इंच उतार बाहेरच्या दिशेने काढला. माती सायडिंगला (घराच्या बाहेरच्या भिंतीवरचं आवरण) टेकू देऊ नका, वाळवीला आयती वाट मिळते.

जोरदार पावसानंतर तीच चाचणी पुन्हा केली. कोरडं निघालं, मगच ड्रायवॉल मागवला.