उशाशी पेन नको, पेन्सिल ठेवा

दिवा मालवला की हमखास काहीतरी सुचतं. कवितेची ओळ, रांगोळीतला रंग, ब्लाउजच्या पाठीवरची नक्षी. ‘सकाळी लिहू’ म्हटलं की संपलंच. सकाळी दूधवाला, डबे, आणि ओळ गायब. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी त्यांच्या ओव्या टिपून ठेवल्या म्हणून त्या १९५२ साली पुस्तकात आल्या. आपल्या उशाशी सोपानदेव नाहीत, तेव्हा वहीच हवी. मुलांच्या जुन्या वहीतली कोरी पानं चालतील.

आणि सोबत पेन्सिल. उताणं पडून वही वर धरून लिहिलं की बॉलपेन दोन-चार ओळींत रुसतं, कारण त्याची शाई टोकाकडे उतरतच नाही. पेन्सिलीचं तसं काही नसतं, शिवाय चादरीवर डाग पडत नाही. फोनवर टिपायला जाऊ नका. मैत्रिणीचा मेसेज दिसतो आणि अर्धा तास जातो.

एकच ओळ लिहायची, कविता पूर्ण करत बसायचं नाही. चित्र असेल तर दोन रेघा आणि बाण करून रंगाचं नाव. परवा माझ्या वहीत ‘वांगी रंग, पण ओला’ एवढंच सापडलं. चहा उकळेपर्यंत सगळी साडी डोळ्यांपुढे उभी राहिली.