उभ्या गाडीत करंट कोण खातंय, ते असं शोधा

बॅटरी बदलायची घाई करू नका, हे आधीच सांगतो. खानापुरात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. पावसाळा लागला की जांबोटी-कणकुंबीकडच्या जुन्या बोलेरो, सुमो, मारुती येतात, चंदगडहून एमएच ०९ पासिंगच्या येतात, आणि तक्रार एकच: ‘मिस्त्री, दोन दिवस उभी केली की सेल्फ मारत नाही, नुसती टक-टक.’ बहुतेकांनी कुणाचं तरी ऐकून नवी बॅटरी आधीच टाकलेली असते. तीही उतरते, मग भांडण बॅटरीवाल्याशी.

दोष बॅटरीत, चार्जिंगमध्ये की वायरिंगमध्ये, हे आधी ठरवा. गाडी चालू ठेवून टर्मिनलवर मल्टिमीटर धरा. १३.८ ते १४.४ व्होल्ट आले तर डायनॅमो चार्ज करतोय. मग बॅटरी फुल चार्ज करा, दोन-तीन तास बसू द्या (चार्जरवरून काढल्या-काढल्या मोजलं तर आकडा फुगलेला येतो) आणि निगेटिव्ह तार सोडवून रात्रभर ठेवा. सकाळी १२.६ च्या आसपास टिकली तर बॅटरी बरी आहे, गाडी करंट खातेय. तार सोडलेली असूनही १२.२ च्या खाली घसरली तर गाडीला बोल लावू नका, बॅटरीच गेली.

याच वेळी बॅटरीची पाठ बघून घ्या. आमच्याकडच्या ओल्या हवेत तिच्यावर धूळ आणि ॲसिडचा चिकट थर बसतो, आणि त्यातूनही करंट झिरपतो. मीटर २० व्होल्ट डीसीवर लावा, काळं टोक निगेटिव्ह टर्मिनलवर ठेवा आणि लाल टोक प्लास्टिकच्या झाकणावरून फिरवा. कोरड्या प्लास्टिकवर काहीच यायला नको. एक-दोन व्होल्ट दिसले तर खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासा. बुचं मात्र घट्ट लावलेली हवीत, सोडा आत गेला तर बॅटरी खराब होईल. धुऊन कोरडं पुसलं की बऱ्याच गाड्यांचं दुखणं इथेच निम्मं होतं.

आता मुख्य काम. किल्ली काढा, सगळे दिवे बंद करा. बॉनेटखाली दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून काम करायचं असेल तर दाराचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवा, नाहीतर छताच्या दिव्याचाच करंट मोजत बसाल. मीटरचं लाल टोक १० अँपियरच्या भोकात घाला. एक टोक निगेटिव्ह तारेच्या क्लॅम्पला आणि दुसरं बॅटरीच्या खांबाला लावा, मगच क्लॅम्प वर उचला. म्हणजे मध्ये करंट तुटत नाही. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. आणि अँपियरच्या भोकात टोक ठेवून बॅटरीचं व्होल्टेज मोजायला जाऊ नका, तो सरळ शॉर्ट होतो.

अर्धा तास थांबा. सेंट्रल लॉक, अलार्म असलेल्या गाड्यांना झोपायला वेळ लागतो. जुन्या गाडीत ५० मिलिअँपियरच्या आत दिसलं तर ठीक. ३०० दिसत असेल तर दिवसाला ७ एएच (अँपियर-तास, बॅटरीतल्या साठ्याचं माप) जातात. मारुतीच्या ३५ एएचच्या बॅटरीचे अडीच दिवसांत अर्धे गेले, मग ती काय सेल्फ मारणार?

आता कुठल्या लाइनवर जातोय ते शोधा. बरेच जण एकेक फ्यूज उपटून आकडा बघतात. ते चालतं, पण फ्यूज काढून परत लावताना रेडिओ, अलार्म जागे होतात आणि आकडे नाचतात. मी क्लॅम्प परत खांबावर बसवतो, मीटर काढून त्याचं लाल टोक व्होल्टच्या भोकात घालतो आणि मीटर मिलिव्होल्टवर लावून फ्यूजच्या दोन्ही उघड्या टोकांवर धरतो. शून्य म्हणजे त्या लाइनवर करंट नाही. थोडा तरी आकडा आला, तर चोर तिथेच.

पहिला संशय गाण्याच्या टेपवर, म्हणजे रेडिओवर. पिवळी तार कायम चालू आणि लाल किल्लीवर, असा नियम. दोन्ही एकत्र पिळून चिकटपट्टी लावलेली जोडणी किती वेळा निघते, विचारू नका. मग जीपीएस, चार्जरचं सॉकेट आणि गंजलेलं दाराचं बटण. रिलेवर (करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) हात ठेवून बघा, किल्ली काढल्यावरही कोमट लागतोय म्हणजे अडकलाय. चिकोडी, निपाणीकडे ऊस तुटला की शेतातले उंदीर गाडीत शिरतात, तिथे बॉनेटखालचं वायरिंग हाताने चाचपा.

सगळे फ्यूज शून्य, तरी मीटरवर आकडा? मग डायनॅमोचा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेला जाऊ देणारा आतला भाग. त्याची जाड तार बहुतेक वेळा आतल्या फ्यूजबॉक्सातून जात नाही, म्हणून वरच्या तपासणीत सापडत नाही. बॅटरीची तार आधी काढा, मगच डायनॅमोमागची जाड तार सोडून चिकटपट्टीत गुंडाळा आणि परत मोजा. आकडा पडला तर डायनॅमो उघडावा लागेल.

कटऑफ स्विच (बॅटरी गाडीपासून तोडणारा) लावून मोकळं व्हायला लोक फार सांगतात. हंगामानंतर महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या टेम्पोला तो जरूर लावा. पण उंदरांनी सोललेली तार असेल तर स्विच नुसती बॅटरी वाचवतो. गाडी चालू असताना ती तार पत्र्याला घासतच असते, आणि तिच्यामागे फ्यूज नसेल तर पेट घेते. आधी तार बदला, परत मीटर लावून ५० च्या आत आणा, स्विच नंतर.